सहा नंबरची खाट

रोल नंबर सदतीस म्हणाली, "मॅडम, मला मर्मर ऐकू आली नाही," आणि माझं डोकं फिरलं.

तसं ते सकाळपासूनच फिरलेलं होतं. ज्या कॉलेजात मी डॉक्टर झाले तिथे तीस वर्षांनी पाऊल टाकत होते, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, मुक्काम बिबवेवाडीला भावाकडे. दारातच एका यंत्राने माझा चेहरा मागितला. चष्मा काढा, चष्मा घाला, उजेडात या, हलू नका. चार वेळा चेहरा दिला, एकदाही पसंत पडला नाही. शेवटी शिपायाने वही पुढे केली आणि मी मुकाट्याने सही केली.

मग विभागप्रमुख मला नवी कौशल्य प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेला. हा माझाच वर्गमित्र. पूर्वी माझा डबा न विचारता संपवायचा, आता चारचौघांत मला मॅडम म्हणतो. प्रयोगशाळेत खाटेवर एक रबरी पुतळा झोपवला होता. बटण दाबलं की त्याच्या छातीत हवा तो आवाज येतो. "इतकी क्लिअर मर्मर तुला खऱ्या पेशंटमध्ये कधी मिळणारच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग पेशंट बंदच करून टाका, उगाच जागा अडवतात." तो मान डोलावून पुढे चालू लागला. जन्म पुण्यात गेला आणि याला टोमणा कळत नाही.

वॉर्डात आले तेव्हा मात्र क्षणभर बरं वाटलं. फिनेलचा वास तोच. ओल्या फरशीचा, स्पिरिटचा, पेशंटच्या डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास तोच. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, त्यातले निम्मे तेव्हाही फिरत नसत आणि आजही फिरत नव्हते. बाकी सगळं बदललं होतं. मुलं पुस्तकं नाही, मोबाइल घेऊन भिंतीला टेकली होती. नवी लिफ्ट बसवत होते म्हणून भिंतीपलीकडे ड्रिल चालू होतं. कुणाच्या तरी उशाशी मोबाइलवर कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. अशा ठिकाणी माणसाच्या छातीत काय चाललंय ते ऐकायचं म्हणजे कमालच आहे.

आमच्या परीक्षेत शॉर्ट केस नावाचा प्रकार असतो. आजाराबद्दल पेशंटला एक अक्षर विचारायचं नाही. दहा मिनिटं फक्त हृदय तपासायचं आणि काय सापडलं ते परीक्षकाला सांगायचं. हृदयाची झडप आकसली की तिच्यातून जाताना रक्ताची घरघर होते, तिला मर्मर म्हणतात. माझ्या हातात विभागाने टाइप करून दिलेला कागद होता: खाट सहा, स्त्री, झडप आकसलेली, मर्मर. चार मुलं एकामागून एक आली, बाईंच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवून गेली आणि चौघांनी सांगितलं की मर्मर ऐकू आली. मी कागद बघितला, मान डोलावली, गुण लिहिले.

पाचवी ही. अंगापेक्षा मोठा ॲप्रन, बाह्या दुमडलेल्या.

"स्टेथोस्कोप नीट लावलास?"

"हो, मॅडम."

"त्यांना डाव्या कुशीवर वळवलंस?"

"वळवलं होतं, मॅडम."

"मग?"

"नाही ऐकू आली."

काय बोलणार. साडेचार वर्षं झाली, आता ही डॉक्टर होऊन लोकांच्या छातीला हात लावणार आणि हिला समोरची मर्मर ऐकू येत नाही. दोष हिचा तरी कसा म्हणायचा म्हणा. आपण निवडतोच कसे? माझी भाची, भावाची मुलगी, दुसऱ्यांदा प्रवेश परीक्षेला बसते आहे. तिच्या खोलीची भिंत कागदांनी भरली आहे. आकाश दिसत नाही, खिडकीवरही रसायनशास्त्र चिकटवलंय. दिवसभर चार पर्यायांतला एक गोल काळा करत बसते. काल मी तिला सहज म्हटलं, "अगं, पण माहीतच नसेल तर?" ती म्हणाली, "आत्या, माहीत नाही असा पर्याय नसतो गं." आणि पुढचा गोल काळा केला.

शॉर्ट केसमध्ये शून्य म्हणजे नापास. नापास म्हणजे सहा महिने थांबून पुन्हा परीक्षा. वर्गमित्र कानाशी लागला, "देऊन टाक ना काठावरचे. शंभर टक्के निकाल लावायचाय आम्हाला." त्यामुळे तर मी आणखीच चिडले. सदतीसच्या पुढे शून्य काढायला पेन टेकवलं आणि सहा महिने हे शब्द मनात आले. ते सहा महिने मला पाठ आहेत.

याच वॉर्डात, त्या टोकाला, मी नापास झाले होते. माझा पेशंट होता तांबट काका. कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणारे, पन्नाशीचे, किडकिडीत, कानात केसांचे झुबके. त्यांची झडप लहानपणीच आकसली होती. तिची मर्मर इतकी नमुनेदार की दर परीक्षेला कॉलेज त्यांना पत्र पाठवून बोलवून घेई. काका लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून येत. दोन दिवस वॉर्डात मुक्काम, चहा, बिस्किटं, आणि समोर रांगेने घाबरलेली पोरं. काकांना आमची दया यायची. नियम मोडून ते पोरांना हळूच सगळं सांगून टाकत. कुठे स्टेथोस्कोप ठेवायचा, सर काय विचारतील, काय उत्तर द्यायचं. मर्मर कशी असते तेही त्यांचं ठरलेलं होतं. "आधी टोला. मग खट्. मग रिकामा हंडा फरशीवरून गडगडत जातो." इतकं सुंदर वर्णन मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

काकांनी मलाही सांगितलं. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, काहीही ऐकू आलं नाही, पण मी इतकी घाबरले होते की ऐकू न येण्याचं विशेष वाटलं नाही. काकांनी सांगितलंय म्हणजे आहेच. सर आले. आमचे सर शांत बोलत, तेच जास्त भयंकर होतं.

"ऐकू आली?"

"हो, सर."

"कशी?"

"रिकामा हंडा गडगडत गेल्यासारखी, सर."

सरांनी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं. मग सरांनी हात पुढे करून माझा स्टेथोस्कोप मागितला. स्टेथोस्कोपच्या टोकाला दोन तोंडं असतात, एक मोठं, एक लहान. ते टोक फिरवायचं असतं. एका वेळी एकच तोंड उघडं राहतं, दुसरं बंद. सरांनी नळ्या कानात घातल्या आणि मी छातीवर ठेवलेल्या तोंडावर बोटाने टकटक केलं. मग ते टोक माझ्या हातात दिलं. माझं ते तोंड बंद होतं. त्यातून मर्मर सोडा, हृदयच ऐकू आलं नसतं. माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला कळायचं कारण नव्हतं आणि मी हंडा गडगडवून मोकळी झाले होते.

सर पुढच्या मुलीकडे गेले. निकाल लागला तेव्हा माझ्या आईने शेजारच्यांना सांगितलं की हिला कावीळ झाली होती म्हणून परीक्षा देता आली नाही. सहा महिने मी त्या काविळीचं पथ्य पाळलं. येणारी प्रत्येक बाई माझे डोळे बघून जायची.

काका मला कॉलेजच्या दाराशी भेटले. मुद्दाम आले होते. मला वाटलं माफी मागतील. कसली माफी. "इतक्या पोरांना सांगितलं," ते म्हणाले, "बंद यंत्र लावून आलेली तू एकटीच. शनिवारी कारखान्यात ये."

कारखाना म्हणजे कसब्यातली एक अरुंद खोली, पुढे ओटा. गल्लीच्या तोंडाशी आलं की आधी वास यायचा, जळत्या कोळशाचा आणि चिंचेचा. चिंचेच्या पाण्याने तांबं उजळतात, म्हणून गटारंसुद्धा आंबट वासाची. मग आवाज. गल्लीभर ठण् ठण् ठण्, प्रत्येक घरातून वेगळ्या सुराचा हातोडा. हंड्याचा जाड, तांब्याचा बारीक, ताटाचा फाटका. पहिल्या दिवशी माझे कान बधिर झाले. काका दमाचं काम करू शकत नव्हते. ते बसून झाकणं मठारायचे, म्हणजे गुळगुळीत पत्र्यावर हातोडीने एकसारखे बारीक ठसे उठवायचे. एक ठसा हलला तर झाकण वाया. त्यांचा मुलगा बाहेर हंडे ठोकायचा.

या गोंगाटात हृदय ऐकायचं. मी म्हटलं, "काका, इथे कसं ऐकू येणार?" काकांनी सदरा काढला, ओट्यावर डाव्या कुशीला झाले आणि तिथूनच ओरडले, "हात थांबवा जरा. पोरगी ऐकतेय."

एकेक हातोडा थांबला. आधी शेजारचा, मग समोरचा, मग लांबचा, गल्लीच्या वळणावरचा सर्वांत शेवटी. आणि मग शांतता पसरली. तशी शांतता मी नंतर कधी अनुभवली नाही. तिच्यात हळूहळू बारीक बारीक आवाज वर आले, कबुतराचं घुमणं, कुणाच्या तरी स्टोव्हची फरफर, ओट्याखालच्या मांजराचं चाटणं. दहा-बारा माणसं हातात हातोडे धरून माझ्याकडे बघत उभी. मी कान टवकारून बसले. लब-डब ऐकू आलं. त्यापलीकडे काही नाही.

"आली?" काकांनी विचारलं.

इतकी माणसं हातातलं काम टाकून थांबलेली. हो म्हणून मोकळं व्हावंसं इतकं वाटलं की जीभ उचललीही होती. "नाही, काका," मी म्हटलं.

"बरं. पुढच्या शनिवारी." आणि गल्लीकडे तोंड करून, "चालू द्या."

पुढच्या शनिवारी नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. श्रावण आला, ओट्यावर काकूंनी निवडून ठेवलेली पूजेची फुलं, वाटीत आघाड्याची पानं. गल्लीत पूजेच्या भांड्यांची घाई सुरू झाली, तरी शनिवारी दुपारी पाच मिनिटं हात थांबायचे. मी नाही म्हणायचे. समोरचे आजोबा मान हलवायचे, काकांचा मुलगा गालातल्या गालात हसायचा, काकू चहा द्यायच्या. कुणी कधी म्हणालं नाही की पुरे आता. मलाच लाज वाटायची. घरी जाताना सायकलवर रडले आहे मी, लाल महालासमोरून, चारचौघांसमोर.

गणपती गेले. नवरात्र गेलं. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी, हवेत फराळाच्या तळणीचा वास, काका कुशीवर झालेले, गल्ली थांबलेली, आणि मला ती ऐकू आली. आधी टोला. मग खट्. मग लांबवर, अगदी लांबवर, कुणीतरी फरशीवरून रिकामा हंडा ढकलत नेल्यासारखा गडगडाट, आणि पुन्हा टोला. काकांनी विचारलंच नाही. माझं तोंड बघून त्यांनीच गल्लीला हात केला. त्या दिवशी हातोडे पुन्हा सुरू झाले तेव्हा मुद्दाम जोरात ठोकत होते, अशी माझी खात्री आहे.

मी पास झाले. पुढे काका गेले, गल्लीतले बरेच हातोडेही गेले. त्यांच्या हातचं एक झाकण माझ्याकडे आहे, पाण्याच्या माठावर ठेवते. काल कसब्यातून येताना मी मुद्दाम त्या गल्लीत शिरले. कारखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला टांगली होती.

आणि सर. सरांची एक सवय होती, ती मला त्या सहा महिन्यांनंतर दुसऱ्यांदा परीक्षेला बसताना कळली. परीक्षेच्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, ते प्रत्येक खाटेशी जाऊन प्रत्येक पेशंटला स्वतः तपासत. वर्षानुवर्षं ओळखीच्या तांबट काकांनासुद्धा. काकांनी एकदा त्यांना म्हटलं, "अहो डॉक्टर, काल तर ऐकलंत." सर म्हणाले, "काल ऐकलं, आज कुठे ऐकलंय?"

माझं पेन शून्याच्या सुरुवातीशी अडकलं होतं. माझा स्टेथोस्कोप कुठे होता? पर्समध्ये, वहिनीने दिलेल्या डब्याखाली. सकाळपासून मी तो काढलाच नव्हता.

मी उठले. डबा बाजूला काढला, स्टेथोस्कोप काढला आणि सहा नंबरच्या खाटेशी गेले. ड्रिल चालू होतं, मोबाइल हसत होता, ट्रॉलीची चाकं किरकिरत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हात थांबवा जरा. मला ऐकायचंय." काय समजले कोण जाणे, पण शिपाई भिंतीपलीकडे धावला आणि ड्रिल थांबलं. सिस्टरने मोबाइल बंद करायला लावला. वॉर्ड गप्प झाला.

बाई डाव्या कुशीवर वळल्या. मी स्टेथोस्कोपचं तोंड तपासलं, फिरवलं, पुन्हा तपासलं. लब-डब, लब-डब. कोऱ्या घड्याळासारखं हृदय. टोला नाही, खट् नाही, हंड्याचा तर पत्ताच नाही. दोन मिनिटं ऐकलं. उन्हाळ्याच्या माठासारखा घाम आला मला.

"मावशी, तुम्हाला काय होतंय?" नियम बाजूला ठेवून मी विचारलं.

"मला साखर हाय," बाई म्हणाल्या. "पायाला जखम झालीया."

"मग हृदयाचं?"

"ते त्या सात नंबरच्या वैनींचं. हितं पंखा लई जोरात लागतो, त्यांना वारं सोसंना. मला उकडतंय. म्हून सकाळी खाटा बदलल्या आमी."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई," बाई म्हणाल्या, अगदी सरळपणे. "पोरं येत्यात, कपडा बाजूला करत्यात, जात्यात. म्हटलं आसंल काईतरी."

चार मुलं आणि एक परीक्षक. पाच माणसांपैकी एकानेही त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्यातली चार मुलं निरोगी हृदयात मर्मर ऐकून गेली आणि मी त्यांना गुण दिले, कागद बघून. पाचवीला, जिने खरं ऐकलं तिला, मी शून्य देत होते.

वर्गमित्राचा चेहरा पडला. त्याने सदतीसला विचारलं, "मुलांच्या ग्रुपवर आलं होतं ना, सहा नंबर मायट्रल झडप म्हणून?" म्हणजे याला ग्रुपही माहीत होता. "आलं होतं, सर," ती म्हणाली.

"मग तुला हो म्हणावंसं नाही वाटलं?" मी विचारलं.

ती बाह्या आणखी दुमडत राहिली. मग म्हणाली, "वाटलं, मॅडम. आधी वाटलं माझाच स्टेथोस्कोप बंद आहे. तीनदा फिरवून बघितला."

मला एकदम खाली बसावंसं वाटलं आणि मी सात नंबरच्या खाटेच्या काठावर बसलेही. तिथल्या वैनींनी पाय आवरून मला जागा करून दिली. माझे डोळे भरून आले. वॉर्डात, विद्यार्थ्यांसमोर, या वयात. मी सदतीसच्या पुढे पूर्ण गुण लिहिले. माझ्या हाताने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पूर्ण गुण दिले.

मग त्या चौघांच्या गुणांवर रेघ मारली. वर्गमित्र घाबरला. "अगं, गुण भरायचं पोर्टल लगेच लॉक होतं. शिवाय चूक खाटांची होती, पोरांचा काय दोष? जेवण आलंय, चल. चार मुलांचे सहा महिने जातील, जरा विचार कर."

"गेले तर जातील. माझे गेले होते," मी म्हटलं. "पण त्यांना नापास करायचं तर मलाही करावं लागेल." आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं की परीक्षकाने पेशंट स्वतः तपासला नव्हता, म्हणून या चौघांची परीक्षा रद्द. खाली सही केली.

"पुन्हा कधी घ्यायची मग?" तो वैतागून म्हणाला.

"उद्या सकाळी. मुलं आठला येतील," मी म्हटलं. "मी सातला येते, आधी माझी."

तो काहीतरी पुटपुटत जेवायला गेला. भिंतीपलीकडे ड्रिल पुन्हा सुरू झालं. मी अजून सात नंबरच्या खाटेवरच बसले होते, स्टेथोस्कोप हातात.

"वैनी," मी म्हटलं, "तुमचं नाव काय?"